गर्द किंवा पेनकिलर गोळ्यांची सवय लागलेल्या माणसाला कोकणात उपचार कसे मिळवून द्यायचे

घरातला कोणी गर्द ओढतोय, पेनकिलरच्या पट्ट्याच्या पट्ट्या संपवतोय, खोकल्याचं कोडीनवालं औषध बाटलीच्या बाटली पितोय किंवा सुई टोचून घेतोय हे कळलं की आपल्याकडे पहिली धावपळ होते ती लपवायची. वाडीत कळू नये, भावकीत कळू नये, घरात मुलीचं लग्न ठरायचंय. मग तो मुंबईतला असेल तर त्याला गावी आणून ठेवतात आणि गावातला असेल तर मुंबईला मामाकडे पाठवतात, आणि दोन्हीकडे दोन आठवड्यात परत तेच सुरू होतं. माझ्या धाकट्या भावाच्या निमित्ताने आम्ही देवगड, कणकवली, ओरोस, गोव्यातलं बांबोळी असं सगळं फिरून बसलोय, तो आज औषधावर आहे आणि कामाला जातो, म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही. कुठल्या गोळीचा किती डोस ते मी सांगणार नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा, पहिलं काम त्याला सोडायला लावणं हे नाहीच, पहिलं काम त्याला जिवंत ठेवणं आणि डॉक्टरपर्यंत नेणं. या क्रमात गडबड झाली की माणसं हातची जातात.

१. तो नक्की काय घेतोय ते आधी शोधा

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइन, अफू, कोडीनचं सिरप, ट्रामाडॉलच्या गोळ्या-कॅप्सूल, पेंटाझोसीनचं इंजेक्शन, ही सगळी एका जातीची, यांना डॉक्टर ओपिऑइड म्हणतात. गांजा, चरस, एमडी म्हणजे मेफेड्रोन, दारू ही या जातीतली नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर वाहून आलेली पाकिटं आठवत असतील, ते चरस होतं. हा फरक कशाला सांगतेय, तर खाली मी ज्या औषधाबद्दल, ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीबद्दल, लिहिणार आहे ते फक्त ओपिऑइडवर चालतं. एमडीवाल्याला त्याचा उपयोग नाही, त्याचे उपचार वेगळे, त्यालाही मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्यायचं पण ही गोळी मागत बसू नका.

आपल्या बाजूला बऱ्याचदा सुरुवात गर्दने होत नाही. ट्रॉलरवरचा खलाशी, चिऱ्याच्या खाणीतला कामगार, बागेत फवारणीचे पंप पाठीवर वाहणारा, यांची कंबर धरते, कोणीतरी कॅप्सूल देतो, काम सुधरतं, मग एकाच्या दोन, दोनाच्या सहा. घरच्यांना वाटतं दुखण्याची गोळी खातोय. कपाटात, बोटीच्या केबिनमध्ये, बाईकच्या डिकीत रिकाम्या पट्ट्या सापडल्या तर त्यावरून भांडण काढू नका, नावाचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. ट्रामाडॉल जास्त प्रमाणात घेतलं की फीट येऊ शकते हेही लक्षात ठेवा. पोराला फीट आली म्हणून घरचे मेंदूच्या डॉक्टरकडे नेतात आणि गोळ्यांचं तिथे कोणी सांगतच नाही.

२. तो अजून घेतोय तोवर काय करायचं

हे वाचून काहींना राग येईल, मला माहितीये. "घेऊ देताय म्हणजे तुम्हीच लाडावताय" असं आम्हालाही ऐकावं लागलं. पण त्याने सोडायचं ठरवेपर्यंत आणि डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत दिवस जातात, त्या दिवसांत तो मेला तर उपचार कोणाला देणार?

त्याच्याशी शांतपणे एवढं बोला:

- एकटा असताना घेऊ नको, आतून कडी लावून तर अजिबात नको.
- दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीला घेऊ नको. श्वास थांबतो तो बहुतेक वेळा या मिश्रणाने.
- काही दिवस बंद राहिला असशील तर जुना डोस घेऊ नको. शरीराची सहन करायची ताकद लगेच कमी होते, कालपर्यंत जे पचत होतं तेच आज जीव घेतं.
- सुई टोचत असशील तर दरवेळी नवी, आणि नुसती सुई नाही, सिरिंज, पाणी, कापूस काहीच दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायचं नाही.

सुईचा विषय असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसी असतं, तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात. त्याच खेपेला हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी मागून घ्या. हिपॅटायटिस सी चं औषध महाग असेल म्हणून लोक तपासणीच करत नाहीत, पण २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्याचे उपचार मोफत आहेत आणि गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. बी ची लस असते, घरच्या बाकीच्यांनीही घ्यावी.

३. श्वास मंदावला तर

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचा, म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

खुणा अशा, हाक मारून हलवून उठत नाही, ओठ आणि नखं निळसर-काळपट, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशातून घरघर असा आवाज. त्या आवाजाला लोक गाढ झोपेतलं घोरणं समजतात आणि "झोपूंदे त्याला" म्हणून दार ओढून घेतात. तसं करू नका. छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या गाठी जोरात घासा, तरी हालचाल नाही आणि मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास चाललेत तर हा ओव्हरडोस धरायचा.

१०८ ला फोन करा आणि सांगा की श्वास चालत नाहीये, अमुक गोळ्या किंवा गर्द घेतलंय. खोटं सांगू नका, हार्ट अटॅक वगैरे काही नको, कारण याच्यावर नॅलोक्सोन नावाचं वेगळं इंजेक्शन आहे आणि डॉक्टरला कारण कळलं तरच ते दिलं जाईल. गाडी येईपर्यंत तोंडात काही अडकलंय का बघा, डोकं मागे करून हनुवटी वर उचला, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, साधारण दर पाच सेकंदाला एक. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, १०८ वाले फोनवर सांगतील तसं. स्वतःहून श्वास घ्यायला लागला की कुशीवर वळवून ठेवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही. मिठाचं पाणी, ताक, लिंबू, अंगावर बादली ओतणं यातलं काही करू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते फुप्फुसात जातं.

नॅलोक्सोनने माणूस काही मिनिटांत उठून बसतो, आणि उठला की घरी जायचं म्हणतो. जाऊ देऊ नका. त्या इंजेक्शनचा असर साधारण तास-दीड तासात उतरतो आणि पोटातल्या गोळ्यांचा असर त्याहून जास्त टिकू शकतो, परत श्वास मंदावतो. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघायचं.

आता एक काम जे कोणी करत नाही. संकट यायच्या आधीच आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरना जाऊन विचारा, तुमच्याकडे नॅलोक्सोन आहे का, नसेल तर मागवता येईल का. नसेलच तर जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात आहे ते त्यांच्याकडूनच विचारून कागदावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता घाटातून गाडी नेताना हे शोधता येत नाही.

४. खोलीत कोंडून सोडवू नका

"चार दिवस खोलीत टाक, आपोआप उतरेल" हा सल्ला हमखास मिळतो. गर्द बंद झालं की साधारण आठ-बारा तासांत त्रास सुरू होतो, नाक-डोळे गळणं, जांभया, अंगावर काटा, पोटात पिळ, जुलाब, उलट्या, पाय झाडणं, झोप नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आठ-दहा दिवसांत अंग हलकं होतं. याने सहसा माणूस मरत नाही, पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊन हाल होतात, आणि सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्या अचानक बंद केल्याने फीट येऊन जीवही जाऊ शकतो. गरोदर बाई असेल तर अचानक बंद करणं पोटातल्या बाळाला धोक्याचं, तिला सरळ डॉक्टरकडे न्या, तिच्यासाठीही औषध आहे. आणि हो, बायकाही घेतात, फक्त त्यांचं नाव कोणी काढत नाही, त्यामुळे त्या सगळ्यात उशिरा डॉक्टरपर्यंत पोचतात.

कोंडण्याचा खरा धोका मात्र दहाव्या दिवशीनंतरचा आहे. बाहेर पडलेल्या माणसाची तलफ तशीच असते आणि सहनशक्ती गेलेली असते. एकदाच म्हणून जुना डोस घेतो आणि जातो. सेंटरमधून किंवा जेलमधून सुटल्यावरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

डॉक्टरकडे जाईपर्यंत त्रास सुरू झालाच तर ओआरएस, मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, थोडं थोडं पण सारखं द्या, आणि रात्री कोणीतरी जवळ बसा.

५. जायचं कुठे

सुरुवात फोनने करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४१६ म्हणजे टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही फुकट, टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. आपल्या जिल्ह्यात व्यसनाची ओपीडी कुठे आहे ते इथे विचारा. फक्त फोनवर ही गोळी सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नका, पहिल्यांदा डॉक्टरसमोर बसावंच लागतं.

सिंधुदुर्गवाल्यांना जवळचं म्हणजे ओरोसचं जिल्हा रुग्णालय. कणकवली, सावंतवाडी इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले डॉक्टर ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी येतात, तुमच्याकडचा वार कोणता ते ग्रामीण रुग्णालयात विचारून घ्या. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडचे लोक बांबोळीला जातातच, तिथे मानसोपचाराची स्वतंत्र सरकारी संस्थाही आहे. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. मनोरुग्णालय म्हटलं की घरचे मागे सरतात, "आमचा पोरगा वेडा नाही" म्हणतात, पण मानसोपचारतज्ज्ञ रोज भेटतील असं ते ठिकाण आहे, पाटीकडे बघू नका. रायगडवाल्यांनी अलिबाग, किंवा सरळ मुंबईत केईएम, नायर, सायन.

निघायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत केसपेपर निघतो, आणि ब्युप्रेनॉर्फिन आहे का. हे औषध प्रत्येक हॉस्पिटलात नसतं, मेडिकलच्या दुकानातही सहजासहजी मिळत नाही. नसेल तर "मग कुठे मिळेल, तिथली चिठ्ठी द्या" असं स्पष्ट म्हणा. पहिल्या एसटीने निघा, केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते आणि मग अख्खा दिवस फुकट जातो.

६. सोबत काय न्यायचं

- आधार, रेशनकार्ड (झेरॉक्ससहित)
- आधीचे केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड
- रिकाम्या पट्ट्या, बाटल्या किंवा त्यांचे फोटो
- एका कागदावर: काय घेतो, किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं, दारू किती, दुसरे आजार आणि त्यांच्या गोळ्या
- एक माणूस ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे. पाच-सहा जणांचं लटांबर नको.

आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलात ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, मेडिकल कॉलेजला जोडलेल्या ठिकाणी थोडी फी लागू शकते, जवळ पैसे ठेवा. बागेत राखणीला असलेले नेपाळी, बोटीवरचे परप्रांतीय खलाशी यांच्याकडे बऱ्याचदा कागद नसतात, तरी त्यांना न्या, तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) किंवा बागमालकाने सोबत जाऊन बोललं तर काम होतं.

७. गोळी सुरू होते तो दिवस

ब्युप्रेनॉर्फिन, बरेचदा नॅलोक्सोनबरोबर मिळून एकाच गोळीत, जिभेखाली ठेवायची असते. ती मेंदूत त्याच जागी बसते जिथे गर्द बसतं, पण अर्धवट ताकदीने, त्यामुळे अंग दुखत नाही, तलफ जाते, नशा चढत नाही आणि असर दिवसभर टिकतो. श्वासावरचा तिचा दाब एका मर्यादेच्या पुढे फारसा वाढत नाही म्हणून ती गर्दपेक्षा खूप सुरक्षित, मात्र दारू आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर तीही धोक्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहे.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. गर्द घेतल्या घेतल्या ही गोळी घेतली तर ती गर्दला त्या जागेवरून हुसकावते आणि जो त्रास हळूहळू यायचा तो एकदम अंगावर येतो. मग माणूस म्हणतो हे औषध मला सोसत नाही आणि परत येत नाही. त्रास सुरू झालेला असतानाच, म्हणजे शेवटचं घेतल्यावर साधारण बारा ते चोवीस तासांनी, पहिली गोळी देतात. त्यामुळे शेवटचं कधी घेतलं ते खरं सांगायचं, सकाळी एसटीत बसायच्या आधी "प्रवासापुरतं" घेतलं असेल तर तेही.

आमच्या इथे सिस्टर गोळी फोडून जिभेखाली ठेवायला सांगायच्या आणि समोर स्टुलावर बसवायच्या. तोंडात कडवट पाणी साठतं, ते गिळायचं नाही, बोलायचं नाही, चहा नाही, तंबाखू नाही. पाच-दहा मिनिटांनी जीभ वर उचलून दाखवायची, खाली पांढरं काही उरलं नसेल तर उठायचं. भावाच्या कपाळावरचा घाम टिपायला मी बाजूला रुमाल घेऊन उभी होते, तासाभराने त्यानेच रुमाल मागून घेतला आणि भूक लागली म्हणाला. पोटभर जेवला त्या दिवशी.

पहिले काही दिवस गुंगी येते. त्या दिवसांत बोटीवर, झाडावर, बाईकवर नको. घरी न्यायला गोळ्या मिळाल्या तर कुलपात ठेवा, लहान पोराने एक जरी गिळली तरी जिवावर बेतू शकतं.

एक नॅलट्रेक्झोनही असतं, ते वेगळं. ते सुरू करायला आधी आठवडा-दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं आणि ते सुटलं की पुन्हा ओव्हरडोसचा धोका. कोणाला कुठलं, ते डॉक्टर ठरवतात.

शेजारच्या काकी रोज विचारायच्या, "एक गोळी सोडूक दुसरी गोळी कित्याक?" मी त्यांना एवढंच सांगायचे, पहिल्या गोळीने तो घरातलं तांब्याचं भांडं विकत होता, या गोळीने तो जाळं शिवतोय. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, आम्हीही घातलं, पण कौल काहीही येवो, गोळी बंद करायची नाही.

८. "गॅरंटीने सोडवतो" म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

रात्री गाडी घेऊन येतात, चार माणसं पोराला उचलतात, तीन महिने भेटायला देत नाहीत, आणि पैसे आधी घेतात. आम्ही अशा एका ठिकाणी चौकशीला गेलो होतो, डॉक्टरांचं नाव विचारलं तर सांगता येईना, तिथूनच परत फिरलो. चांगली केंद्रंही आहेत, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, आणि सरकारी अनुदानावरची पुनर्वसन केंद्रंही असतात. कुठेही ठेवायच्या आधी बघा: मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कधी येतात, घरच्यांना भेटू-बोलू देतात का, बाहेर पडल्यावर औषध पुढे चालू राहणार का.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाचे आजारही येतात. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. माणसाची संमती नसताना भरती करायची तर त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि तीही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस.

चहातून न सांगता द्यायच्या पुड्या विकतात त्याही घेऊ नका. आत काय आहे ते कोणी सांगत नाही. दारू सोडवायच्या एका औषधावर दारू प्यायली तर माणूस अत्यवस्थ होऊ शकतो, आणि पुडीत तेच असेल तर त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं.

९. पोलिसांची भीती

हॉस्पिटलात गेलो तर केस होईल ही भीती बऱ्याच जणांना असते. एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायदा १९८५ च्या कलम ६४अ प्रमाणे व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही, अट एवढीच की उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. विकणाऱ्याला ही सूट नाही. म्हणून प्रत्येक केसपेपर, प्रत्येक तारखेची नोंद जपून ठेवा. डॉक्टरने तुमची माहिती गुप्त ठेवावी हेही २०१७ च्या कायद्यात आहे.

१०. वेळ कुठली धरायची, आणि पुढे

खलाशी असेल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, हा उपचार सुरू करायला उत्तम काळ. सुरुवातीला रोज किंवा दर काही दिवसांनी सेंटरला जावं लागतं, बोट किनाऱ्याला असते तेव्हाच ते जमतं. नारळी पौर्णिमेला बोटी उतरायच्या आत डॉक्टरना सांगा की आता तो चार-पाच दिवस समुद्रात असणार, घरी न्यायच्या गोळ्यांचं काय करता येईल, आणि गोळ्या तांडेलाकडे ठेवता येतील का ते ठरवा. पण आज मार्च असेल तर जूनची वाट बघू नका.

गणपतीत आणि शिमग्याला जास्त सांभाळा. चाकरमानी येतात, जुने मित्र भेटतात, हातात पैसे असतात, आणि सुट्टीत ओपीडी बंद असते. त्या आठवड्यापुरत्या गोळ्या आधीच आणून ठेवा.

गोळी किती दिवस, हा प्रश्न सगळे विचारतात. बऱ्याच जणांना वर्ष, दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त. बरं वाटतंय म्हणून महिन्यात स्वतःच बंद केली की बहुतेक जण परत जुन्या वाटेला लागतात. कमी करायची ती डॉक्टरच्या हाताने, हळूहळू. मधे घसरला तर घरातून काढू नका, दुसऱ्याच दिवशी ओपीडीत न्या आणि घसरला होता हे सांगा, डोस कमी पडत असेल तर ते तिथेच कळतं.

नंबर परत एकदा, भिंतीवर लिहून ठेवा: १०८ रुग्णवाहिका, १४४४६ व्यसनमुक्ती, १४४१६ टेलिमानस, १०९७ एचआयव्हीबद्दल. घरात रेंज नसेल तर कुठल्या कातळावर किंवा कोणाच्या अंगणात रेंज मिळते ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.